मंगळावर रेशन कोण वाटणार?

मागच्या अंकात अवकाशातल्या काल्पनिक वस्त्यांवर एक छोटंसं टिपण होतं, त्यात जाता जाता लिहिलं होतं की पैसा नसलेली, सगळ्यांना सारखं देणारी आणि मशीननं प्लॅन केलेली वस्ती ही कल्पना लेखकांना शंभर वर्षांपासून खुणावतेय. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की हा महिना पूर्ण त्यालाच देतेय. एसआयपी आणि गोल्ड लोनवाल्यांनो, तुमचा नंबर पुढच्या वेळी, नक्की.

प्रश्न : ताई, मी एफवायला आहे आणि एका स्पर्धेसाठी विज्ञानकथा लिहितोय. मंगळावर पाच हजार लोकांची वस्ती, पैसा नाही, दुकान नाही, एक एआय आहे तो रोज सकाळी ठरवतो कोणाला काय मिळणार आणि कोण काय काम करणार, आणि सगळे सुखी. मित्र म्हणतात बोअर आहे आणि पटत पण नाही. काय चुकतंय?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : 'बोअर' खरंय रे, 'पटत नाही' मात्र अर्धवट खरं. कारण ही कल्पना लोकांनी आधी बऱ्यापैकी पटवून दाखवलीय. अलेक्झांडर बोगदानोव्ह नावाचा एक रशियन होता, शिक्षणानं डॉक्टर, पिंड क्रांतिकारकाचा, लेनिनचा एकेकाळचा साथीदार आणि मग दोघांचं वाजलं. त्यानं १९०८ मध्ये 'रेड स्टार' नावाची कादंबरी लिहिली, म्हणजे रशियन क्रांतीच्या नऊ वर्षं आधी, कम्प्युटर तर कोणाच्या स्वप्नात पण नव्हता तेव्हा. त्यातल्या मंगळावर ज्याला जे लागेल ते त्यानं न्यायचं. आणि कामाचं काय, तर तक्ते लावलेत, त्यावर कुठल्या उद्योगात किती तासांचं काम कमी पडतंय आणि कुठे माणसं जास्त झालीत ते आकडे सतत बदलत दिसतात, लोक तो तक्ता बघतात आणि ज्यांना जमतंय ते आपणहून तिकडे सरकतात.

आता तुझ्या गोष्टीत आणि त्याच्या गोष्टीत फरक कुठाय बघ. तुझा एआय सकाळी उठून हुकूम सोडतो. त्याच्या मंगळावर मशीन फक्त हिशोब मांडून भिंतीवर लावते, पुढचं माणसांनी ठरवायचं. मला विचारशील तर या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, मशीन हिशोब करणार की निर्णय पण तीच घेणार, आणि बाकीच्या प्रश्नांतही मी फिरून फिरून इथंच येणार आहे, तेव्हा कंटाळलात तर आत्ताच सांगा.

दुसरं, 'सगळे सुखी' हे काढून टाक. उर्सुला ले ग्विन यांची १९७४ची 'द डिस्पझेस्ड' ही कादंबरी मिळाली तर वाच. अनारेस नावाच्या कोरड्या ठणठणीत चंद्रावर काही पिढ्यांपूर्वी गेलेले लोक, त्यांच्याकडे पैसा नाही, मालक नाही, सरकार नाही. कामं वाटायला डिव्हलॅब म्हणून एक ऑफिस आहे आणि त्याचे कम्प्युटर आहेत, बाळाचं नाव सुद्धा कम्प्युटरच देतो म्हणजे दोन जिवंत माणसांचं नाव एक होणार नाही. सगळं कसं समसमान. आणि तरी तिथला हिरो, जो फिजिक्सवाला आहे, त्याचं काम त्याचा एक सिनियर दाबून बसतो, छापायचं असेल तर माझं पण नाव घाल म्हणतो. पैसा गेला म्हणून वट जात नाही, ओळखीपाळखी जात नाहीत. आणि मध्येच दुष्काळ पडतो, मग समानतेची खरी परीक्षा. तुझ्या वस्तीत एक तरी पीक बुडू दे, गोष्ट आपोआप चालायला लागेल.

तिसरी गोष्ट, 'सारखं' म्हणजे काय हे तुला ठरवावं लागेल, एआयला नाही. नव्वद किलोच्या वेल्डरला आणि पन्नास किलोच्या अकाउंटंटला ताटात सारख्याच पोळ्या वाढल्या तर ते समान झालं की अन्याय झाला? अमेरिकेत ॲरिझोनामध्ये बायोस्फिअर टू नावाचा प्रयोग झाला होता, सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३, तीन एकरांवर काचेची सीलबंद इमारत आणि आत आठ माणसं दोन वर्षं, स्वतःचं अन्न स्वतः पिकवून. अन्न कमी पडलं, लोक ताटं चाटून पुसून खायचे, सगळ्यांची वजनं उतरली आणि पुरुषांची जास्त उतरली. वर हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून चौदाच्या आसपास आला, कारण शेतातल्या कसदार मातीतले जिवाणू ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो वायू परत झाडांकडे जायच्या ऐवजी इमारतीच्या काँक्रीटमध्ये मुरत होता. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. सगळं मोजून मापून बांधलेलं होतं हां, हिशोबात नव्हतं ते फक्त काँक्रीट. आणि त्या आठ जणांचे चार-चारचे दोन गट पडले ते वेगळंच. तुझ्या पाच हजारांत किती गट पडतील त्याचा विचार कर.

प्रश्न : मॅडम, हे सगळं रशियात करून झालंय. ब्रेडसाठी रांगा लागल्या आणि शेवटी दुकान बंद. आता एआय आलं म्हणून काय फरक पडणार? माझ्या मते गणित तेच आहे.
— निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : काका, गणित तेच असलं तरी ते सोडवायची ताकद बदललीय, पण तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवताय ते काही बदललेलं नाही, आणि या दोन गोष्टी लोक कायम एकत्र करतात म्हणून जरा लांबण लावते.

वाद जुना आहे. १९२० मध्ये लुडविग फॉन मिझेस या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञानं म्हटलं की बाजारातल्या किमतीच नसतील तर पोलाद पुलाला वापरावं की ट्रॅक्टरला हे ठरवणार कशाच्या आधारावर. पुढे १९४५ मध्ये हायेक या दुसऱ्या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञानं त्यात भर घातली की खरी अडचण माहितीची आहे, कुठल्या गोदामात काय पडलंय, कुठलं मशीन कुरकुरतंय हे ज्याचं त्याला माहीत असतं आणि ते सगळं एका टेबलावर कधीच येत नाही.

मजा म्हणजे उत्तराचा अर्धा भाग रशियातच सापडला. लिओनिद कांतोरोविच नावाचा लेनिनग्राडचा गणिती, विशीतच प्रोफेसर झालेला, त्याच्याकडे प्लायवूडवाल्यांचा एक प्रश्न आला. वेगवेगळी मशीनं आहेत, वेगवेगळं लाकूड आहे, प्रत्येक मशीन प्रत्येक लाकडावर वेगळ्या स्पीडनं चालतं, तर कुठल्या मशीनला कुठलं लाकूड दिलं की जास्तीत जास्त माल निघेल. त्यानं ते सोडवलं आणि १९३९ मध्ये छापलं, आज ज्याला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात त्याची ही सुरुवात, १९७५ मध्ये त्याला त्याबद्दल अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि गंमत बघा, ते गणित सोडवलं की प्रत्येक टंचाईच्या वस्तूला आपोआप एक आकडा चिकटून बाहेर येतो, ही वस्तू अजून एक युनिट मिळाली तर किती फायदा होईल असं सांगणारा. म्हणजे किंमतच की ती! पैसा नको म्हणणाऱ्यांच्या गणितातून किंमत बाहेर पडली. तिथल्या कट्टर मंडळींना हे अजिबात रुचलं नाही, कांतोरोविचला कित्येक वर्षं जपून बोलावं लागलं.

मग कीव्हचे व्हिक्टर ग्लुश्कोव्ह. त्यांनी १९६० च्या दशकात अख्ख्या सोव्हिएत देशातल्या कारखान्यांना जोडणारं कम्प्युटरचं जाळं मांडलं, ओगास नाव त्याचं, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी आधी. ते बुडालं कशानं? तर खात्या-खात्यांतल्या भांडणानं. अर्थमंत्री गार्बुझोव्हनं म्हणे सांगितलं की मी मिन्स्कजवळ एक पोल्ट्री बघितली, तिथं कम्प्युटर दिवे लावतो, गाणी वाजवतो आणि कोंबड्या जास्त अंडी घालतात, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. किस्साच आहे तो, पण सरकारी ऑफिसात काम केलेल्या कोणालाही खरा वाटेल असा. १९७० मध्ये पॉलिटब्यूरोनं, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या समितीनं, प्लॅन पार पातळ करून टाकला.

आता तुमचा मुद्दा. टार्गेट टनात दिलं की काय होतं हे खुद्द सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं भाषणात सांगितलंय, झुंबरं बनवणाऱ्या कारखान्यांचा प्लॅन वजनावर मोजला जायचा म्हणून झुंबरं नुसती जडच्या जड व्हायला लागली, बोनस चालू, छताची काळजी ज्याची त्यानं करावी. शिवाय यावर्षी जेवढं काढलं त्यावर पुढच्या वर्षीचं टार्गेट बेतलं जायचं, त्यामुळे शहाणा डायरेक्टर शंभराचे एकशेदोन करायचा, एकशेवीस जमत असले तरी कधीच दाखवायचा नाही, आणि कच्चा माल गुपचूप साठवून ठेवायचा. बँकेत मार्च एंडला टार्गेटचं काय काय चालतं ते तुम्हाला मी काय सांगू.

तर पाच हजारांच्या वस्तीचं गणित आजच्या सॉफ्टवेअरला किरकोळ आहे, लाखो बदलत्या आकड्यांची गणितं आज विमान कंपन्या आणि कुरिअरवाले रोज सोडवतात. आणि बंदिस्त वस्तीचा एक फायदा पण आहे, हवा, पाणी, वीज याला सेन्सर लावता येतात, सेन्सरला बोनस नसतो म्हणून तो खोटं बोलत नाही. पण 'मला थोडं कमी काम जमेल', 'हे शेवाळाचं सूप आता घशाखाली उतरत नाही', 'हा पंप अजून आठवडाभर ओढेल' हे माणसानंच सांगायचं असतं, आणि सांगितल्यानं त्याचं नुकसान होणार असेल तर तो सांगणार नाही. तिथं एआय आणि गॉस्प्लॅनचा, म्हणजे सोव्हिएत नियोजन खात्याचा, कारकून एकाच जागी उभे आहेत. खोटा आकडा एआय जास्त वेगानं पुढे ढकलेल, एवढाच फरक.

प्रश्न : पैसा नाही म्हणता, मग मोठी खिडकीवाली खोली एकच असेल आणि ती दहा जणांना हवी असेल तर? चिठ्ठ्या टाकायच्या का?
— एक गृहिणी, कल्याण

उत्तर : एका खोलीसाठी चिठ्ठी वाईट नाही, म्हाडाची लॉटरी आपण अख्ख्या राज्यात मान्य केलीच आहे. पण रोजच्या शंभर वस्तूंसाठी चिठ्ठ्या टाकत बसलात तर ज्याला टोमॅटोची ॲलर्जी त्याला टोमॅटो आणि ज्याला कॉफी चालत नाही त्याला कॉफी अशी गत होते.

यावर मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर अमेरिकेतल्या फूड बँकांचं आहे. तिथे फीडिंग अमेरिका नावाची संस्था कंपन्यांकडून दान आलेलं अन्न देशभरातल्या फूड बँकांना वाटते, त्या पुढे गरिबांना देतात. आधी हेडऑफिस वाटप करायचं, ज्याचा नंबर लागेल त्याला फोन, की बाबा एक ट्रक बटाटे आलेत, घेतोस का. आणि अगदी समान वाटायचं म्हणून वजनावर हिशोब, किलोला किलो. परिणाम असा की आयडाहो, जिथं बटाट्याचे डोंगर असतात, तिथल्या फूड बँकेला बटाट्याची ऑफर जायची. म्हणजे नाशिककरांना द्राक्षं भेट. आणि एक ट्रक लोणचं आणि एक ट्रक पीनट बटर वजनाला सारखं म्हणून हिशोबालाही सारखंच धरायचं.

२००५ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीनं त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक फूड बँकेला खोटे पैसे दिले, 'शेअर्स' म्हणतात त्याला, आणि ज्यांच्याकडे गरीब जास्त त्यांना जास्त. ट्रक आला की त्यावर बोली लावायची. आता महत्त्वाचं ऐका, दिवसभरात जे शेअर्स खर्च झाले ते रात्री परत सगळ्यांना गरजेच्या प्रमाणात वाटून टाकायचे. त्यामुळे कोणी श्रीमंत होत नाही, व्याज नाही, हे शेअर्स घेऊन बाहेर कोणी गाडी घेऊ शकत नाही. पण कोणाला काय हवंय हे मात्र लख्ख कळतं. कळलं काय, तर पास्ता, पीनट बटर, सीरियल असल्या टिकाऊ गोष्टींवर उड्या पडतात आणि ताज्या भाज्या, ज्या स्थानिक शेतकऱ्यांकडून मिळूनच जातात, त्या अगदी स्वस्तात जातात. काही माल तर असा की तो घेणाऱ्यालाच उलट शेअर्स द्यायचे, न्या बाबा एकदाचे. सुरुवातीला मिशिगनमधल्या एका फूड बँकेच्या प्रमुखानं विरोध केला होता, तो स्वतःला समाजवादी म्हणवायचा, बाजार नको म्हणूनच मी इथे आलो असं त्याचं म्हणणं. नंतर त्याला पण पटलं.

तेव्हा तुमच्या मंगळावर सगळ्यांना रोज सारखे पॉइंट्स, खर्च झालेले परत सारखे वाटायचे आणि साठवायची परवानगी नाही. हवा, पाणी, औषध आणि पोटभर जेवण मात्र या बोलीच्या बाहेर, ते प्रत्येकाला मिळणारच. खिडकीवाल्या खोलीला महिन्याच्या बोलीवर द्या, बघा किती जणांना ती खरंच हवीय, तोंडानं 'हवी' सगळेच म्हणतात.

प्रश्न : संडास कोण साफ करणार?
— कोल्हापूर

उत्तर : एवढाच प्रश्न, कार्डावर, सही पण नाही. आणि आलेल्या सगळ्यांत हाच भारी.

अवकाशात याचं उत्तर सध्या तरी सोपं आहे, आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर सगळे अंतराळवीर शनिवारी झाडपूस करतात, टॉयलेटची देखभाल पण तेच करतात, मग घरी पीएचडी असो नाहीतर फायटर पायलट. अनारेसवर दहातला एक दिवस अशा कामांना ठेवलेला आहे. सहा-सात माणसांत हे जमतं कारण एकमेकांची तोंडं दिसतात. वस्ती मोठी झाली की घसरतं. इस्रायलमधल्या किबुत्झ म्हणजे सामूहिक शेतीवस्त्यांचं बघा, पहिला १९१० मधला देगानिया, सगळं सामायिक, कामं वाटायला एक माणूस नेमलेला, पगार सगळ्यांना सारखाच म्हणजे शून्य. कागदावर स्त्री-पुरुष एकदम समान. तरी काही वर्षांत बायका स्वयंपाकघर, लाँड्री आणि मुलांच्या घरात आणि पुरुष ट्रॅक्टरवर, असंच होत गेलं. कोणी हुकूम दिला नव्हता, 'तिला ते चांगलं जमतं' एवढं कारण पुरलं.

आणि इथेच मला एआयची धास्ती वाटते. एआय शिकणार कशावरून, तर मागच्या नोंदींवरून. आपल्याकडच्या नोंदी दिल्या, की बाबा मागची काही शतकं ही कामं कोणी केली, तर मशीन प्रामाणिकपणे म्हणेल की अमुक आडनावाच्या लोकांना याचा 'अनुभव' आहे, त्यांचा वेग जास्त आहे, त्यांनाच द्या. आडनाव काढून टाकलं तर पत्त्यावरून ओळखेल. हातानं मैला उचलायला लावणं १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि तरी सेप्टिक टँकमध्ये गुदमरून माणसं मेल्याची बातमी येतच राहते, मेलेल्यांची नावं वाचा म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. त्यामुळे या एका कामापुरतं तरी माझं मत आहे की वेग, कौशल्य, कार्यक्षमता सगळं खड्ड्यात गेलं, पाळी लावा. आंधळी पाळी, मुख्य इंजिनिअरपासून, आणि बदली माणूस द्यायची सोय नाही. थोडं वाईट साफ होईल, होऊ दे. आठवडाभरात मुख्य इंजिनिअर स्वतःच असं टॉयलेट डिझाइन करेल की ज्यात हात घालावा लागणार नाही.

प्रश्न : भारतात कधी कम्प्युटर वापरून प्लॅनिंग झालं होतं का?
— एमपीएससीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : झालं होतं, फार नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं, १९५६ ते ६१, मॉडेल बनवलं आणि त्यांच्याच कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये देशातला पहिला डिजिटल कम्प्युटर आला, ब्रिटिश बनावटीचा, १९५६ च्या सुमाराला चालू झाला. पण योजना काही त्यानं ठरवली नाही.

तुला परीक्षेला आणि मला या विषयाला जास्त उपयोगी उदाहरण दुसरंच आहे. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्यात विखे पाटलांच्या बरोबर होते ते, १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचा पैसा राज्यांना वाटताना कोणाची दिल्लीत ओळख किती यावर ठरायचं, म्हणून सूत्र आलं, १९६९ पासून लागू. साठ टक्के लोकसंख्येवर, दहा टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्यांना, दहा कर गोळा करायच्या प्रयत्नाला, दहा चालू असलेल्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांना, दहा खास अडचणींना. हा अल्गोरिदमच आहे की! फक्त अर्ध्या पानात मावणारा. त्यामुळे कुठलाही मुख्यमंत्री उठून म्हणू शकायचा की लोकसंख्येला साठ का, गरिबीला दहाच का. तशी भांडणं झाली आणि १९८० मध्ये प्रकल्पांचे दहा काढून गरीब राज्यांच्या वाट्याला जोडले. ज्या सूत्राशी भांडता येतं ते सूत्र सुधारता येतं. एआयच्या पोटातल्या करोडो आकड्यांच्या न्यूरल नेटवर्कशी कसं भांडायचं, कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचं?

प्रश्न : मी आयटीत आहे. मंगळावर ऑक्सिजनचा व्हॉल्व्हच एआयच्या हातात असेल तर समानता वगैरे गप्पा आहेत. ज्याच्याकडे ॲडमिन पासवर्ड तोच राजा. बरोबर ना?
— डोंबिवली

उत्तर : बऱ्याच अंशी बरोबर. म्हणूनच चिलीचं उदाहरण सांगते, हा प्रयोग खराखुरा झालाय, गोष्टीतला नाही.

१९७१ मध्ये अध्यक्ष अय्येंदेंच्या सरकारनं एकामागून एक कारखाने ताब्यात घेतले आणि ते चालवायचे कसे हा प्रश्न पडला. फर्नांडो फ्लोरेस या विशीतल्या अधिकाऱ्यानं इंग्लंडच्या स्टॅफर्ड बिअर या मॅनेजमेंटवाल्या अवलियाला पत्र लिहिलं. त्यातून सायबरसिन उभं राहिलं, म्हणजे कारखान्यांचे आकडे गोळा करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा. कम्प्युटरच्या नावानं ठणठण, एक मेनफ्रेम म्हणजे मोठा कम्प्युटर, तोही वाटून घेतलेला. पण गोदामात आधीच्या सरकारनं घेऊन ठेवलेली शेकड्यानं टेलेक्स मशीनं, म्हणजे तारेवरून टाइप केलेले निरोप पाठवणारी, धूळ खात पडली होती, ती कारखान्यांना जोडली, रोज आकडे राजधानीत. डिझाइनमधली हुशारी अशी की एखाद्या कारखान्यात काही बिघडलं तर सिस्टिम आधी त्याच कारखान्याला सांगणार, ठरावीक मुदत देणार, त्यात निस्तरलं तर वर कोणाला कळायचं पण कारण नाही. मुदत संपली तरच बातमी वरच्या पायरीवर. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला तेव्हा सरकारनं याच टेलेक्सवर निरोप फिरवून हाताशी असलेल्या थोड्या ट्रकांवर देश चालता ठेवला.

आता वाईट बाजू. त्यांनी एक कंट्रोल रूम बांधली, षटकोनी, सात फायबरग्लासच्या फिरत्या खुर्च्या, हाताच्या जागी मोठाली बटणं आणि शेजारी ॲशट्रे. कीबोर्ड मुद्दाम ठेवला नाही, कारण टायपिंग म्हणजे सेक्रेटरी मुलीचं काम आणि साहेबाच्या आणि मशीनच्या मध्ये ती यायला नको! कामगारांचं राज्य म्हणायचं आणि खुर्च्या सात. बिअरच्या डोक्यात अजून एक भन्नाट गोष्ट होती, घराघरात एक गोल बटण द्यायचं, टीव्हीवर मंत्री बोलत असताना लोकांनी ते खूश-नाखूश असं फिरवायचं आणि सगळ्यांची बेरीज स्टुडिओत मंत्र्याच्या समोर दिसणार. ते नमुन्याच्या पुढे गेलं नाही. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं सत्ता घेतली आणि सगळंच संपलं. माझं म्हणणं, पैसे त्या सात खुर्च्यांवर कमी आणि त्या गोल बटणावर जास्त घालायला हवे होते.

आणि तुमच्या व्हॉल्व्हबद्दल. पासवर्ड एकाकडे नको, आणि ते कसं साधायचं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं डिझाइन करू शकता, दोन चाव्या, हाताचा व्हॉल्व्ह, वस्तीचे चार भाग एकमेकांवर अवलंबून नसलेले, तुमचं काम ते. पण 'नाही' म्हणायची सोय हवी आणि ती व्हॉल्व्हपासून लांब हवी, म्हणजे कामाला नाही म्हटलं म्हणून श्वास तोडता येता कामा नये. याचं छोटंसं उदाहरण स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाशस्थानकावर घडलंय. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तिसरी तुकडी गेली, तिघं जण, ८४ दिवसांसाठी. ह्यूस्टनवाले, म्हणजे जमिनीवरचं नियंत्रण केंद्र, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक टेलिप्रिंटरवर पाठवायचे, आधीच्या तुकडीच्या वेगावर बेतलेलं, जेवताना पण काम. मागे पडले की अजून काम. याला लोक 'अवकाशातला संप' म्हणतात, तसं काही झालं नव्हतं, ३० डिसेंबरला दोन्ही बाजूंनी बसून मोकळेपणानं बोलणं झालं. ठरलं काय, तर जेवण आणि संध्याकाळ तुकडीची स्वतःची, आणि किरकोळ कामांची नुसती यादी द्यायची, कोणी कधी करायचं ते अवकाशातल्या तिघांनी आपसात ठरवायचं. त्यानंतर काम जास्त झालं.

प्रश्न : मला फक्त आकडे हवेत. एका माणसाला रोज किती ऑक्सिजन, पाणी वगैरे? मंगळावर कुरिअर किती दिवसांनी?
— आठवीतली मुलगी, सातारा

उत्तर : शाब्बास, कामाचं विचारलंस. ऑक्सिजन दिवसाला साधारण ८४० ग्रॅम प्रत्येकी, म्हणजे पाच हजार लोकांना रोज ४,२०० किलो. पाणी वापरलेलंच परत वापरायचं, स्पेस स्टेशनवर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलंय, घाम आणि लघवीसकट, नाक मुरडू नकोस. पृथ्वीवरून मंगळाकडे यान पाठवायची सोयीची वेळ २६ महिन्यांनी एकदा येते आणि प्रवास सहा-सात महिने, त्यामुळे आज स्क्रू संपला तर पुढचा यायला पावणेतीन वर्षांपर्यंत लागू शकतात. मंगळावरून फोनवर 'हॅलो' म्हटलंस की मंगळ जवळ असेल तर तीन मिनिटांनी आणि लांब असेल तर बावीस मिनिटांनी इकडे ऐकू येणार, उत्तराला परत तेवढीच. यावरून तुझ्या वर्गाला एक गणित घाल : परत मिळणारं पाणी ९८ ऐवजी ९७ टक्क्यांवर आलं, माणशी रोज २५ लिटर वापर आहे, तर २६ महिन्यांत पाच हजार लोकांना जास्तीचं किती पाणी लागेल? महिना तीस दिवसांचा धर. उत्तर मला पाठव, बरोबर असेल तर नावासकट छापू.